परगावचा विद्यार्थी : दर आणि दार

विद्येसाठी घर सोडावे ही चाल आपल्याकडे जुनी आहे. काशीस जाऊन बारा बारा वर्षे अध्ययन करून परतलेल्या शास्त्र्यांच्या गोष्टी महाराष्ट्रात एके काळी घरोघर सांगितल्या जात. इंग्रजी विद्या आली तेव्हा काशीची जागा पुण्यामुंबईने घेतली, आणि कोकणातून, देशावरून व वऱ्हाडातून मुले ह्या शहरांची वाट धरू लागली. घर सोडलेल्या अशा मुलास चार गोष्टींची विवंचना असे : दोन वेळचे अन्न, अंग टाकण्यापुरती जागा, वाचावयास पुस्तक आणि रात्री दिवा. पुण्यात अन्नाची सोय माधुकरीने किंवा वार लावून होई; सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वारांस सात घरांचे पान ठरलेले असे. पुस्तकासाठी १८४८ मध्ये निघालेले पुण्याचे सार्वजनिक ग्रंथालय होते. तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. दिव्यास तेल नसेल तर रस्त्यावरचा सरकारी कंदील असे, आणि त्याच्या उजेडात वाचून परीक्षा दिलेल्या पुरुषांच्या आठवणी कित्येक घराण्यांत आजही निघतात.

ह्या आठवणी गोड असल्या तरी त्यांची दुसरी बाजू विसरता कामा नये. माधुकरीस पैसा पडत नसे हे खरे. पण म्हणून ती सर्वांस मिळे असे मुळीच नव्हते. ज्या ओसरीवर झोळी घेऊन उभे राहावयाचे, ती ओसरी ठराविक जातीच्या मुलासच मोकळी होती. इतरांस ती फुकट असूनही अप्राप्य होती. म्हणूनच शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारण्यास आरंभ केला, आणि भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींची मुले एकत्र राहतील असे वसतिगृह काढले. मुलींची गोष्ट तर ह्याहून निराळी. त्यांस राहून शिकता येईल अशी जागा मिळावी म्हणून प्रयत्न करणाऱ्यांत महर्षी कर्व्यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा आश्रम १८९६ सालचा. ह्या साऱ्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. एखादी वस्तू विद्यार्थ्यास काय दराने मिळते हा एक प्रश्न, आणि ती जेथे मिळते तेथले दार त्यास उघडे आहे काय हा दुसरा. पहिला सुटला म्हणजे दुसरा आपोआप सुटतो असा समज सर्वत्र आढळतो. इतिहास मात्र त्यास साक्ष देत नाही.

गेल्या तीस वर्षांत वरील चार गरजांत पाचवीची भर पडली. ती इंटरनेटची होय. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीची मागणी, परीक्षेचे वेळापत्रक, निकाल, अध्यापकांनी दिलेली टिपणे, घरून येणारे पैसे आणि आईशी होणारे बोलणे, हे सर्व आता एकाच तारेने किंवा तारेवाचून येते. ती बंद पडली म्हणजे विद्यार्थ्याचे एकदम पाचसहा मार्ग खुंटतात. ही गरज आपल्या देशात कशी उत्पन्न झाली, आणि ती स्वस्तात भागविण्यासाठी परगावच्या विद्यार्थ्याने काय काय केले, त्याचा वृत्तांत अजून विस्मृतीत गेलेला नाही. पण तो झपाट्याने जात आहे.

इंटरनेट भारतात प्रथम आले ते विद्येच्याच घरी. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘एर्नेट’ नावाची योजना हाती घेतली. तीत आठ संस्था होत्या : दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईस जुहू येथे असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, आणि तो विभाग स्वतः. आरंभी केवळ ई-मेलची ने-आण होत असे. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली व मुंबई ह्यांच्यामध्ये खास भाड्याची तार जोडली गेली. तिचा वेग सेकंदास ९.६ किलोबिट होता. पुढे १९९२ मध्ये जुहूच्या ह्या केंद्रातून अमेरिकेशी ६४ किलोबिटांचा दुवा जोडला गेला. आज एका साध्या मोबाइलमध्ये ह्याच्या शेकडो पट वेग असतो. परंतु त्या काळी देशातील थोर विद्यासंस्थांचा जगाशी होणारा व्यवहार एवढ्या अरुंद वाटेने चालत असे.

ह्या संस्थांत राहणाऱ्या विद्यार्थ्यास एक पैसाही न देता इंटरनेट मिळत होते. तो संगणक-कक्षात जाई, आपली पाळी येईपर्यंत थांबे, आणि परदेशातील विद्यापीठास पत्र पाठवी. पण त्याच शहरात, त्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एखाद्या साध्या महाविद्यालयातील मुलास हा शब्दही ठाऊक नव्हता. फुकटपणा होता, दार मात्र प्रवेश-परीक्षेने राखलेले होते. इतर मुलांचा दूरचा संबंध टपाल आणि टेलिफोन ह्यांवरच अवलंबून होता. पिवळ्या पाटीचे एसटीडीचे दुकान त्या काळी प्रत्येक पेठेत होते. दिवसा परगावी बोलणे महाग. रात्री अकरानंतर मात्र दर पावपट होई. त्यामुळे रात्री साडेदहापासून ह्या दुकानांपुढे मुलांची रांग लागे. काचेच्या आत एक जण घरी बोले, बाहेर दहा जण लाल अंकांकडे डोळे लावून उभे राहत. गरीब विद्यार्थ्यासाठी स्वस्ताई रात्रीच येते, ही गोष्ट रस्त्यावरच्या कंदिलापासून चालत आलेली होती. ती पुढेही चालू राहिली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम ह्या सरकारी कंपनीने इंटरनेट सर्वसाधारण लोकांस खुले केले. प्रथम मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास ह्या शहरांत ते मिळू लागले. लवकरच पुणे व बंगलोर ह्यांची त्यांत भर पडली. खासगी व्यक्तीस २५० तासांसाठी ५,००० रुपये पडत, म्हणजे तासास वीस रुपये; टेलिफोनचे बिल निराळे. ज्या काळी परगावच्या विद्यार्थ्याचा महिन्याचा खर्च हजारदीड हजारांत भागे, त्या काळी ही रक्कम त्याच्या आवाक्याबाहेरची होती. विद्यार्थ्यांसाठी म्हणून पुढे सुमारे ५०० रुपयांचे एक खाते निघाले. त्यावर केवळ अक्षरे दिसत. चित्रे दिसत नसत. अर्थात् ह्यात फारसे नुकसान होते असेही नव्हे. सेकंदास ९.६ किलोबिट ह्या वेगाने एक मेगाबाइटचे छायाचित्र यावयास जवळजवळ चौदा मिनिटे लागली असती. अभ्यासू मुलास अक्षरे पुरेशी होती.

खरी अडचण पाचशे रुपयांची नव्हती. त्या खात्यास टेलिफोन लागे, मोडेम लागे आणि संगणक लागे. टेलिफोनसाठी त्या दिवसांत घरमालकासच वर्षानुवर्षे थांबावे लागे; मग कॉट भाड्याने घेतलेल्या मुलाने तो कोठून आणावा? वसतिगृहात रेक्टरांच्या खोलीत एक यंत्र असे आणि त्यास कुलूप असे. शिवाय ज्या गावी इंटरनेटचे केंद्र नव्हते, तेथून ते वापरणे म्हणजे लांबच्या शहरास ट्रंक लावण्यासारखे होते. तेव्हा ह्या खात्यांचा लाभ झाला तो बहुधा ज्या घरी टेलिफोन आधीच होता त्या घरच्या, म्हणजे घरीच राहून शिकणाऱ्या, मुलांस. ज्याने घर सोडले तो पुन्हा बाहेरच राहिला.

त्यास दार उघडून दिले ते सायबर कॅफेने. असे पहिले दुकान १९९६ मध्ये मुंबईस निघाले. नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने इंटरनेट पुरविण्याचा परवाना खासगी कंपन्यांस खुला केला, आणि मग दोनचार वर्षांतच महाविद्यालयांच्या आसपासच्या गल्ल्या ह्या दुकानांनी भरून गेल्या. आरंभी तासास साठ ते शंभर रुपये पडत. स्पर्धा वाढली तसतसा हा दर उतरत दहापंधरा रुपयांवर आला. आठ बाय दहाच्या गाळ्यात पाचसहा संगणक, मध्ये प्लायवूडच्या फळ्या, कोपऱ्यात छपाईचे यंत्र आणि दाराशी वही घेऊन बसलेला मालक, असे त्याचे स्वरूप असे. तालुक्याच्या गावी ही सोय थोडी उशिरा पोहोचली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या संगणक-शिक्षणाच्या केंद्रांनी तेथील पुष्कळ मुलांस पहिल्यांदा संगणकापुढे बसविले.

घड्याळ चालू असताना काम करावयाचे असल्याने विद्यार्थ्यांनी ह्या दुकानांत काटकसरीची एक विद्याच निर्माण केली. पत्र आधी वहीत लिहून न्यावयाचे आणि तेथे केवळ उतरवावयाचे. पाच पाने एकदम उघडावयाची. एक येईपर्यंत दुसरे वाचावयाचे. वाचण्याजोगे जे असेल ते तेथे न वाचता फ्लॉपीवर किंवा पुढे पेन ड्राइव्हवर भरून घ्यावयाचे आणि ज्याच्या खोलीत संगणक असेल त्या मित्राकडे रात्री वाचावयाचे. दोघांनी एक तास घेऊन अर्धा अर्धा वाटून घेणे ही तर सर्रास रीत होती. निकालाच्या दिवशी मालक सर्वांचे बैठक क्रमांक एका कागदावर लिहून घेई, एकामागून एक गुण छापून देई आणि प्रत्येकी पाच रुपये घेई. त्या छोट्या गाळ्यात त्या दिवशी जे हर्ष आणि अश्रू दिसत, ते पूर्वी विद्यापीठाच्या सूचनाफलकापुढे दिसत असत.

परंतु हे दारही सर्वांस सारखेच उघडे नव्हते. रात्री दर कमी करणारी दुकाने पुष्कळ होती. दहानंतर पहाटेपर्यंत एका ठोक रकमेत बसू देणारीही होती. मुलांनी त्यांचा पुरेपूर लाभ घेतला. मुलींचे वसतिगृह मात्र संध्याकाळी सातआठ वाजता बंद होई. त्यांस जे तास मिळत ते दिवसाचे, म्हणजे महाग आणि गर्दीचे. शिवाय लाकडी फळ्यांच्या आड काय चालते ह्याविषयी लोकांत कुजबुज असे, आणि ‘कॅफेत जाणारी मुलगी’ हा शब्दप्रयोग काही गावांत चांगल्या अर्थाने केला जात नसे. एप्रिल २०११ मध्ये केंद्र सरकारने ह्या दुकानांसाठी नियम केले : प्रत्येक गिऱ्हाइकाची ओळख पटवून घ्यावी, नोंदवही एक वर्ष जपावी, फळ्यांची उंची साडेचार फुटांहून अधिक असू नये. ओळखीसाठी शाळा-महाविद्यालयाचे ओळखपत्र चालेल असे त्यात स्पष्ट म्हटले होते, ही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने चांगली गोष्ट होती. पण हे नियम आले तेव्हा दुकानांचा उतरता काळ सुरूच झाला होता. नोंदी ठेवण्याचा व्याप आणि घटते गिऱ्हाईक ह्यांपायी कित्येक मालकांनी इंटरनेट काढून छायाप्रती आणि छपाईचे यंत्र तेवढे ठेवले.

कारण मध्यंतरी ब्रॉडबँड आले होते. सरकारने ऑक्टोबर २००४ मध्ये ह्याविषयीचे धोरण जाहीर केले. सेकंदास २५६ किलोबिट वेग असेल तर त्यास ब्रॉडबँड म्हणावे अशी त्यात व्याख्या होती. जानेवारी २००५ पासून सरकारी टेलिफोन कंपन्या ही सेवा देऊ लागल्या. आता घड्याळाऐवजी मापावर पैसे पडू लागले. महिन्यास अमुक इतके गिगाबाइट, त्यापुढे निराळा आकार. मात्र भारत संचार निगमच्या काही योजनांत पहाटे दोन ते सकाळी आठ हा वेळ मोजला जात नसे. ह्या सहा तासांनी विद्यार्थ्यांची एक पिढी जागविली. तीन किंवा चार मुलांनी मिळून खोली घ्यावयाची, घरमालकाच्या नावावर जोडणी घ्यावयाची, बिल डोक्यागणिक वाटावयाचे, आणि दोनला गजर लावून जे जे हवे ते उतरवून घ्यावयास लावून द्यावयाचे. सकाळी आठाच्या आत कोणी तरी उठून ते बंद करी; तो विसरला तर महिन्याचे बिल सर्वांस भोवे. अशा खोल्यांत भाड्यापेक्षा अधिक भांडणे ह्या आठ वाजण्यावरून झाली असतील. एसटीडीच्या रांगेनंतर रात्रीच्या स्वस्ताईचा हा दुसरा अध्याय होय.

त्यानंतर संगणकास लावावयाचे डोंगल आले, आणि २०१० च्या लिलावानंतर खासगी कंपन्यांचे थ्रीजीही आले. मोबाइलवर इंटरनेट मिळू लागले, पण ते औषधासारखे थेंबाथेंबाने वापरावे लागे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे २०१४ मध्ये एक जीबीस ग्राहकाला सरासरी २६९ रुपये पडत. एका तासाच्या चलत् व्याख्यानास अर्धा जीबी लागतो असे धरले, तर ते एक व्याख्यान ऐकावयास सव्वाशेहून अधिक रुपये मोजावे लागत. खानावळीच्या एकाहून अधिक जेवणांएवढी ही किंमत झाली.

हे चित्र दोनच वर्षांत पालटले. जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल ही रेल्वेची कंपनी आणि गूगल ह्यांनी मुंबई सेंट्रल स्थानकावर फुकट वायफाय सुरू केले. जून २०१८ पर्यंत अशी चारशे स्थानके झाली. गूगलने २०२० मध्ये ह्या कामातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले, तरी रेलटेलने ते पुढे चालविले आणि सहा हजारांहून अधिक स्थानकांपर्यंत नेले. फलाटावरच्या बाकावर पुस्तक व मोबाइल घेऊन बसलेली मुले दिसू लागली ती तेव्हापासून. केरळातील एका रेल्वे हमालाने डोक्यावर ओझे आणि कानात व्याख्यान अशा रीतीने अभ्यास करून २०१८ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पार केल्याची वार्ता देशभर गाजली. रस्त्यावरच्या कंदिलाची जागा फलाटाने घेतली होती.

दुसरी घटना त्याहून व्यापक परिणामाची ठरली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सर्वांस खुली झाली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत ती मोफत राहिली. इतर कंपन्यांस दर उतरविणे भाग पडले. २०१४ मध्ये २६९ रुपयांस पडणारा जीबी २०१८ मध्ये सरासरी ११ रुपये ७८ पैशांस पडू लागला. दररोज एक किंवा दीड जीबी, आणि मध्यरात्री बारा वाजता नवा शिधा, अशा योजना निघाल्या. सदाशिव पेठेतील कॉटवर राहून स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या मराठवाड्याच्या मुलास आता इंटरनेटसाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागेना. पुष्कळांस वाटले की, प्रश्न मिटला. दराचा प्रश्न खरोखरच बराचसा मिटला होता.

दाराचा प्रश्न मात्र तेथेच होता, आणि तो उघड्यावर आणला तो एका विद्यार्थिनीने. केरळात कोझिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात रात्री दहा ते सकाळी सहा मोबाइल वापरण्यास बंदी होती. पदवीच्या वर्गातील मुलींस वसतिगृहात लॅपटॉपही वापरता येत नसे. जून २०१९ मध्ये बंदीची वेळ बदलून संध्याकाळी सहा ते रात्री दहा करण्यात आली. महाविद्यालयातून आल्यावर अभ्यासास बसावयाची हीच वेळ. कलाशाखेच्या एका विद्यार्थिनीने हरकत घेतली : अभ्यासाची साधने इंटरनेटवर आहेत, आणि ही बंदी केवळ मुलींच्या वसतिगृहास आहे, ह्याकडे तिने लक्ष वेधले. नियम मानावयास ती तयार होईना तेव्हा तिला वसतिगृह सोडण्यास सांगण्यात आले. व्यवस्थापनाचीही बाजू होती. मुलींच्या पालकांच्याच आग्रहावरून आणि अभ्यासात लक्ष राहावे म्हणून आपण हा नियम केला, असे त्याचे म्हणणे होते. ह्या मुलीचे वडील मात्र तिच्या पाठीशी उभे राहिले.

१९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती पी. व्ही. आशा ह्यांनी निकाल दिला. इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा, तसाच संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाने दिलेल्या खासगीपणाच्या हक्काचा भाग होय, असे त्यांनी म्हटले, आणि त्या विद्यार्थिनीस वसतिगृहात परत घ्यावे असा आदेश दिला. इतरांस उपद्रव होऊ नये एवढे पाहण्याचा अधिकार वसतिगृहास आहे. परंतु मोबाइल केव्हा वापरावा व केव्हा बाजूस ठेवावा हे शहाण्यासुरत्या विद्यार्थिनीनेच ठरवावयाचे आहे, असा त्या निकालाचा रोख होता. त्या मुलीच्या हाती मोबाइल होता, त्यात स्वस्त इंटरनेटही होते. अडले होते ते वेळेशी आणि परवानगीशी. सायबर कॅफेच्या काळात वसतिगृहाच्या फाटकाने जे केले, तेच येथे नियमाच्या कागदाने केले होते.

ह्या निकालास सहा महिने होतात न होतात तोच महामारी आली. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. वसतिगृहे रिकामी करण्यात आली आणि परगावचे विद्यार्थी आपापल्या गावी परतले. आता सारा क्रमच उलटा झाला. वर्ग इंटरनेटवर भरू लागले, आणि ज्या घरी मुले परतली त्या घरीच ते पोहोचत नव्हते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१७-१८ मध्ये केलेल्या पाहणीत शहरांतील शंभर घरांपैकी ४२ घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. खेड्यांत ती अवघ्या १५ घरांत होती. मुंबईस शिकणारी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी लहर पकडण्यासाठी गावाजवळच्या डोंगरावर चढून बसू लागली. कोकणातला पावसाळा सुरू झाला तेव्हा तिच्या भावांनी तेथे तिच्यासाठी झोपडी बांधून दिली, आणि त्या झोपडीत बसून तिने वर्ग ऐकले. तिचे कौतुक सर्वांनी केले आणि ते योग्यच होते. पण कौतुक करताना हेही पाहिले पाहिजे की, जीबीचा दर डोंगरावर आणि मुंबईत एकच होता. फरक पडला तो लहर तिच्या घरापर्यंत येत नव्हती एवढ्यानेच.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ ह्या योजनेस मान्यता दिली. जुन्या एसटीडीच्या दुकानाचेच हे नवे रूप म्हणता येईल. चहावाल्याने किंवा किराणा दुकानदाराने परवाना, नोंदणी वा शुल्क ह्यांवाचून आपल्या दुकानातून वायफाय विकावे, आणि गिऱ्हाइकाने थोडक्या पैशांत लागेल तेवढेच घ्यावे, अशी तिची कल्पना आहे. मोबाइलचे दर जुलै २०२४ मध्ये पुन्हा चढले, तेव्हा अशा सामाईक सोयींची किंमत कळली. पुण्यातील अभ्यासिकांनी ती पूर्वीच ओळखली होती. महिन्याच्या शुल्कात टेबल, दिवा, पिण्याचे पाणी आणि वायफाय असा एकत्रित हिशेब तेथे असतो. ज्याच्या खोलीत चौघे झोपतात त्या मुलास ह्याहून स्वस्त सौदा सापडणे कठीण. विद्यापीठांची व शहरांची ग्रंथालये रात्री उशिरापर्यंत उघडी राहिली, तर हीच सोय आणखी हजारोंस होईल. १८४८ मध्ये पुस्तकांसाठी जे केले गेले त्याचाच हा पुढचा भाग ठरेल.

शेवटी ज्या घरांतून विद्यार्थी भाड्याने राहतात त्या घरांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. शहरातील बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत आता महिना चारपाचशे रुपयांपासून मिळणारी, मापाचे बंधन जवळजवळ नसलेली जोडणी असते. तीत आणखी एका मुलाचा किंवा मुलीचा अभ्यास सामावला, तर बिल एका पैशानेही वाढत नाही. तरीही वायफायचा परवलीचा शब्द न सांगणे, किंवा रात्री दहास यंत्राची कळ बंद करणे, ही गोष्ट अनेक घरांतून घडते. मुलगी असेल तर तिच्याच भल्यासाठी म्हणून घडते. पूर्वीच्या गृहिणींनी आठवड्यातून एक वार परक्या मुलास पान वाढले, तेव्हा घरच्यांच्या ताटात घास कमी पडत असे. तरी ते पान वाढले जाई, जरी सर्वांच्या मुलांस नसले तरी. आजच्या ह्या दानात घरचे काहीच कमी होत नाही, आणि येणाऱ्याची जात विचारण्याचेही कारण नाही. ज्या घरात परगावचा विद्यार्थी राहतो, त्या घराने संध्याकाळी ती कळ चालू आहे ना एवढे पाहिले, तरी ह्या इतिहासातील त्याचा वाटा त्याने उचलला असे होईल.